आमच्या घरचा नाताळबाबा

२७ नोव्हेंबर

स्वतःच्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यायचा हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं. फी नाही.

आज दुकानात नाताळच्या बाजाराचे व्यवस्थापक एक लाल डगला घेऊन आले. आमचं दुकान कपडे दुरुस्तीचं. चेन बदलायची, उंची कमी करायची, अस्तर लावायचं, आणि गिऱ्हाईक "मी बारीक झाले ना?" म्हणालं की हो म्हणायचं. डगला नाताळबाबाचा. जुने नाताळबाबा परगावी मुलाकडे राहायला गेले, नवे अजून मिळाले नव्हते, पण अस्तर फाटलंय तेवढं शिवून ठेवा म्हणाले. अंगावर चढवल्याशिवाय झोळ कुठे आहे ते कळत नाही. नेमके तेव्हाच हे माझा विसरलेला चष्मा द्यायला आले. हे म्हणजे माझा नवरा. वहीतसुद्धा नाव लिहायला हात वळत नाही. मी म्हटलं, "अहो, जरा उभे राहा," आणि चढवला डगला.

ह्यांनी निवृत्त झाल्यापासून दाढी केलेली नाही. आळस, दुसरं काही नाही. त्या दाढीवरून मी काय कमी बोलले? पण व्यवस्थापक बघतच राहिले. "काका, इतके दिवस होतात कुठे तुम्ही?" म्हणाले आणि उभ्या उभ्या ठरवून टाकलं. हे हसले म्हणे. मी पायाशी बसून खालच्या पट्टीला टाचण्या लावत होते, म्हणून मला दिसलं नाही. मालकीणबाई सांगत होत्या, चक्क दात दिसले.

परवापासून रोज दुपारी चौकात जायचं, बाजार मिटेपर्यंत. मुलांना जवळ बसवायचं आणि काय हवंय ते विचारायचं. आमच्या ह्यांनी! मला काय हवंय हे ह्यांनी शेवटचं कधी विचारलं ते मला आठवत नाही.

३० नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरची जिन्यात भेटली. "अहो, तुमचे हे किती गोड! आमच्या धाकटीचं सगळं पुराण ऐकून घेतलं त्यांनी. मान काय डोलावत होते, तिच्या तोंडाकडे टक लावून बघत काय होते! असा ऐकणारा माणूस मिळायला भाग्य लागतं हो."

मी म्हटलं, "हो ना." वर आले आणि कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळ्यांना काहीतरी कारण असावं.

आता ह्या भाग्यवतीचं घर बघा. मी स्वयंपाकघरातून विचारते, सूप करू की भात टाकू? उत्तर नाही. पुन्हा विचारते. उत्तर नाही. शेवटी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिले की म्हणणार, "अगं, किंचाळतेस कशाला?" आणि मग काय खायचंय ते सांगणार. म्हणजे तोंड शाबूत आहे. पहिल्या दोन हाका वाया घालवायच्या, बायकोला तिची पायरी कळावी म्हणून. मुलीचा फोन आला तर "घे, तुझ्यासाठी आहे" म्हणून माझ्या हातात. ती विचारते, बाबा रागावलेत का माझ्यावर? आता काय सांगू तिला.

छापखान्यात जन्म गेला ह्यांचा. वर्तमानपत्राचं ते राक्षसासारखं मशीन, त्याच्या धडधडीत कुणी कुणाशी बोलतच नसे, सगळे हातवारे करत. मी मनाशी म्हणायचे, माणूस दमून येतो, निवृत्त झाला की पोटभर बोलू. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पोट रिकामंच आहे. पूर्वी पत्ते खेळायला जायचे, तेही सोडलं. चौकात दिव्यांचा लखलखाट आणि दिव्याखालचा अंधार आमच्याकडे.

४ डिसेंबर

आज जेवताना हे आपणहून बोलले. एका मुलाचा पहिला दात पडला होता, तो घाबरला होता, तर हे त्याला म्हणाले, माझे बघ, कितीतरी पडलेत. आणि स्वतःच खो खो हसले. मीही हसले असते. पण मला एप्रिल आठवला.

एप्रिलमध्ये मला छातीत गाठ लागली. काही दिवस कुणाला बोलले नाही. मग एका संध्याकाळी मशीनवर कुणाचा तरी पडदा शिवत होते. माझं मशीन भिंतीकडे तोंड करून आहे, हे मागे सोफ्यावर होते. असली गोष्ट माणसाच्या तोंडाकडे बघून सांगवत नाही. ओठांत टाचण्या धरल्या होत्या त्या तशाच ठेवून, कापडावरची नजर न काढता सांगितलं. गाठ आहे, सुई घालून तपासणार आहेत, मला भीती वाटते, तुम्ही याल का. एका दमात. मागून काहीच नाही. मग हे म्हणाले, "हं." आणि थोड्या वेळाने, "मी जरा पाय मोकळे करून येतो."

पाय मोकळे करून आले आणि जेवले. मी दवाखान्यात एकटी गेले. तिथे बाकीच्या बायकांबरोबर कुणी ना कुणी होतं, माझ्याबरोबर माझी पिशवी. गाठ साधी निघाली, काही करायला नको म्हणाले. ह्यांनी त्यानंतर एका शब्दाने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. पण विसरलेही नाही.

आणि आता परक्या पोराच्या दाताची एवढी काळजी! मी भांडी आपटली. हे टीव्हीवरच्या बातम्यांखालची अक्षरं वाचत बसले होते. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

७ डिसेंबर

दुकानातून सुटल्यावर वाट वाकडी करून चौकातून आले. लांबूनच बघितलं. लाल डगल्यात हे शोभतात, खोटं का बोला. अस्तर मीच लावलंय.

पण शेजारी एक बाई! हिरवी टोपी, गळ्यात कॅमेरा, चाळिशीची असेल. मुलांचे फोटो काढते. मग काढावेत ना फोटो. तर नाही. मूल जवळ आलं, काही बोललं, की ही बाई वाकणार, ह्यांच्या कानाला लागणार, काहीतरी कुजबुजणार, आणि हे मान डोलावून हसणार. प्रत्येक मुलाला हेच. दाढीला तोंड लागेल इतकी जवळ जाते. आणि ह्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, उलट कान पुढे करतात.

इतक्या जवळून आम्ही दोघं कधी बोललो असू? मुलगी पाळण्यात होती तेव्हा, ती जागी होऊ नये म्हणून. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. तिचं नाव मला माहीत नाही आणि करून घ्यायचंही नाही. फोटोवाली.

८ डिसेंबर

भाजीत मुद्दाम मीठ जास्त टाकलं. मुकाट्याने जेवले. मला मात्र घास गिळवेना.

११ डिसेंबर

ताईचा फोन. तिचे यजमान गेल्यापासून ती त्या घरात एकटी असते, म्हणून आठवड्याला फोन करते. शाळेत मुख्याध्यापिका होती. फोनवर बोलली तरी फोन हातभर लांब धरावा लागतो. मी तिला सगळं सांगितलं, फोटोवालीसकट.

"ये निघून माझ्याकडे," ताई म्हणाली. "पलीकडची खोली रिकामी आहे. किती दिवस भिंतीशी बोलणार आहेस?"

"चार दिवस येते नाताळनंतर."

"चार दिवसांनी काय होणार? ये ती कायमची ये."

मी म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, "विचार करत बसलीस तर म्हातारी होशील." मी म्हटलं, "त्याची काळजी नको, ते उरकलंय." दोघी हसत सुटलो. माझ्या बोलण्यावर कुणीतरी हसलं, ह्यालाही किती दिवस झाले होते.

१४ डिसेंबर

डगल्याचं बटण तुटलं म्हणून हे घरी घेऊन आले. बटण लावायला घेतलं आणि कॉलरच्या पांढऱ्या फरवर लालसर डाग दिसला. ओठांना लावायचा रंग आहे, मी काय आज शिवणकाम करते? बायकांचे कपडे हाताळण्यात माझा जन्म गेला. फक्त उजव्या बाजूला. डावी बाजू बर्फासारखी स्वच्छ.

ब्रशने घासून डाग काढला. का काढला कुणास ठाऊक. राहू द्यायला हवा होता, मुलांच्या आयांनी बघितला असता. मग वाटलं, लोक हसतील ते ह्यांना नाही, मला हसतील. बटण मात्र असं घट्ट लावलंय की ह्यांचा श्वास कोंडावा.

१६ डिसेंबर

आज विचारलंच. मशीनवर बसले होते, पाठ फिरवलेली बरी, म्हणजे आवाज कापला तरी चेहरा दिसत नाही. म्हटलं, "कोण आहे ती बाई?" काही नाही. "मी ताईकडे निघून गेले तर चालेल ना?" काही नाही. वळून बघितलं तर हे शांतपणे बूट पुसत होते. उद्या चौकात चमकायला हवेत ना.

मौन म्हणजे संमती. ताईला फोन केला, शनिवार-रविवार ये आणि मला घेऊनच जा. पण आधी मला तो बाजार एकदा बघायचाय, तुझ्याबरोबर. तुझ्या डोळ्यांनी बघ, म्हणजे मी उगीच कुढते असं नको व्हायला.

१९ डिसेंबर

ताई आली. आणि काय सांगू, जेवायला बसलो तर हे पोपटासारखे बोलायला लागले! ताईने समोर बसून आपल्या त्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "काय भाऊजी, कसं चाललंय नाताळबाबांचं?" झालं, सुरू. कोण मूल रडलं, कुणी दाढी ओढली, कुणाला खरा हत्ती हवाय. ताईने हत्ती कुठे बांधणार विचारलं तर म्हणाले, "त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या दारात!" दोघं टाळ्या देऊन हसले.

मी ह्यांच्या डाव्या हाताला बसले होते, नेहमीच्या जागेवर. दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे फोटोवालीशी बोलता येतं, पोरांशी येतं, ताईशी तर मैफल जमते. घसा बसतो तो फक्त माझ्यापुरता. सख्ख्या बहिणीचा मत्सर वाटला मला आज, लिहायला लाज वाटते, पण वाटला.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. उद्या बाजार, परवा दुपारची गाडी.

२० डिसेंबर

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

हे पुढे गेले होते. ताई आणि मी जेवून निघालो. वर्षभर ज्या चौकात कामाधामाला येते तोच चौक, तीच बँक, तेच पोस्ट, तेच बंद पडलेलं कारंजं. पण लाकडी टपऱ्या लागल्या, वर दिव्यांच्या माळा आल्या, की आपलंच शहर नवीन कपडे घालून ओळख विसरल्यासारखं करतं. कारंज्याच्या बाजूला बर्फाचं रिंगण होतं, भाड्याचे स्केट घालून लहानमोठ्यांची लोटांगणं चालली होती. ताई म्हणाली, "ह्यांना ओळीत उभं करणारं कुणी नाही का?" सवय जात नाही.

ताईने एक लोकरीची टोपी घेतली. टपरीवाली म्हणाली, हाताने विणलेली आहे. मी उलटी करून बघितली, मशीनची होती. बोलले नाही, ताईला रंग आवडला होता. मेणबत्त्या बघितल्या, लाकडी घोडे बघितले, कागदी कपातून गरम चॉकलेट घेतलं. ताईचं चाललं होतं, तुझ्या खोलीच्या खिडकीतून बाग दिसते, सकाळी ऊन येतं, संध्याकाळी आपण दोघी फिरायला जाऊ. मी हूं हूं करत होते. माझं सगळं लक्ष पलीकडच्या लाल ठिपक्याकडे.

मग म्हटलं, "चल, जवळून बघू."

हे मोठ्या खुर्चीत बसले होते. एक अगदी लहान मुलगी जवळ उभी होती, आवाज असा की मुंगीने ऐकावा. ती काहीतरी पुटपुटली. फोटोवाली वाकली, कानाला लागली, आणि ह्यांचा चेहरा असा फुलला! मुलीचे दोन्ही हात हातात धरून म्हणाले, "आजीला बरं वाटावं? एवढंच? स्वतःसाठी काही नको?" मुलगी रडायला लागली आणि हेही डोळे पुसायला लागले. कुणाच्या तरी आजीसाठी.

माझं डोकंच फिरलं. मी ताईच्या हातात कप दिला आणि रांगेत जाऊन उभी राहिले. ताई म्हणाली, "अगं, हे काय?" मी म्हटलं, "मलाही काहीतरी हवंय." पुढचं कार्टं मागे वळून म्हणालं, "आजी, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला मिळणार नाही." मी म्हटलं, "बघू या ना."

थंडी मरणाची होती, मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता. माझी पाळी आली. उजवीकडे फोटोवाली ठाण मांडून उभी, म्हणून मी डावीकडून गेले. हे मला बघून चपापले, मग हसले, आणि त्या खोट्या जाड आवाजात म्हणाले, "अरे वा! आज मोठ्या मुलीही आल्या! बोला, काय हवंय?" लोक हसले.

मी वाकून सांगितलं. चारचौघांत तमाशा नको म्हणून हळूच, पण स्पष्ट. "मी उद्या ताईकडे जातेय. कायमची. जाऊ ना?"

हे माझ्या मफलरकडे बघत राहिले, क्षणभर. मग मान डोलावली. "हो तर! नक्की! वर्षभर शहाण्यासारखी वागली आहेस, मग मिळणारच!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोसुद्धा निघाला असेल.

मी चालायला लागले. कुठे ते माहीत नाही. वळून बघितलं तेवढ्यात दिसलं की फोटोवाली पांढऱ्याफटक चेहऱ्याने ह्यांच्या कानाशी वाकली आहे. आतासुद्धा! आतासुद्धा हिला काहीतरी कुजबुजायचंच होतं. मी बर्फाच्या रिंगणापाशी पोचले तोवर मागून हाका आल्या. "काकू! ओ काकू, थांबा!" कॅमेरा छातीवर आपटत तीच धावत आली.

"तुम्ही त्यांच्या घरच्या ना? काकू, त्यांना ऐकू आलं नाही हो."

"काय ऐकू आलं नाही?"

"तुम्ही बोललात ते. त्यांचा डावा कान पूर्ण गेलाय. उजव्यातसुद्धा अगदी जवळ जाऊन बोलावं लागतं, नाहीतर समोर उभं राहून, म्हणजे ते ओठ बघतात. मुलांचं बोलणं मी कानात सांगते म्हणून जमतं सगळं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, मदत करशील का, आणि कुणाला बोलू नकोस, हे काम मला फार आवडलंय. घरीसुद्धा माहीत नाही म्हणाले."

ह्यावर माणसाने काय म्हणावं? मी मान ताठ केली आणि म्हटलं, "मला माहीत आहे. इतक्या वर्षांचा संसार आहे आमचा. मला माहीत नसेल?"

वाईट बाई नाही ती. हळूच म्हणाली, "मग डावीकडून का बोललात?"

मी विचारलं, "आत्ता काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही बोललात तेच. सांगायला नको होतं का?" म्हणाली आणि परत पळाली. रांग खोळंबली होती.

ताई कप सांभाळत आली. आम्ही बाकावर बसलो. एकेक आठवायला लागलं. स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका. फोन. पत्त्यांचा अड्डा. टीव्हीखालची अक्षरं. मी पाठमोरी, ओठांत टाचण्या, आणि मागे हे. "हं." अरे देवा. एप्रिलमध्ये ह्यांना मी मशीनशी काहीतरी पुटपुटताना दिसले असेन, बस. सोळा तारखेलाही तेच.

आणि तरीही राग गेला नाही, हे खरं लिहिते. उलट नवा आला. त्या बाईला सांगितलं. पहिल्या दिवशी, ओळखपाळख नसताना सांगितलं. मला नाही सांगितलं. कानाशी कुजबुजत होती ह्याचा मत्सर करत होते तो बरा होता, हा त्याहून वाईट.

मी ताईला म्हटलं, "तू नेहमी त्यांच्याशी समोर बसून, मोठ्याने बोलतेस. तुला माहीत होतं?"

ताई रिंगणातल्या पोरांकडे बघत होती. म्हणाली, "खोलीला पिवळा रंग दिलाय. गेल्याच आठवड्यात. तुला आवडतो म्हणून."

ताई कधी उत्तर चुकवत नाही. जन्मभर दुसऱ्यांकडून उत्तरं काढली तिने. मी पुन्हा विचारलं नाही. तिने नवी टोपी काढून पिशवीत ठेवली आणि आम्ही घरी आलो.

हे आले ते दाराशी थांबले. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही तिघं जेवलो.

२१ डिसेंबर

सकाळी ताई आंघोळीला गेली. हे स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, पुढे चहा निवत होता. मी खुर्ची ओढून समोर बसले. मग हेच म्हणाले, "तू जाणार आहेस."

"काल तुम्हीच परवानगी दिलीत. टाळ्यासुद्धा पडल्या."

"मला ऐकू आलं नाही."

एवढं वाक्य बोलायला माणसाला तीन वर्षं लागली. मी म्हटलं, "ते कळलं मला. तिच्याकडून. मला का नाही सांगितलंत?"

माझ्या ओठांकडे बघत होते. कालपर्यंत मला वाटायचं, हे असं बघायला लागले की काहीतरी दोष काढणार.

"आधी वाटलं जाईल आपोआप," म्हणाले. "मग लाज वाटायला लागली, इतके दिवस हो हो केलं ते आता कसं सांगू. आणि तू बोलत होतीस ना. शब्द कळायचे नाहीत, पण तुझा आवाज यायचा मागून, मशीनच्या आवाजात मिसळलेला. मला वाटायचं, चाललंय सगळं ठीक. काही बिनसलं असतं तर ही बोलायची थांबली असती."

मला भांडायचं होतं. बरंच तयार केलं होतं. त्यातलं काही बाहेर आलं नाही, एप्रिल बाहेर आला. ह्या वेळी तोंडाकडे बघून सांगितलं, ताईसारखं मोठ्याने, खालच्या मजल्यावरचीला गेलं असेल तर जावो. गाठ लागली होती. तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हं म्हणून फिरायला गेलात.

ह्यांनी कप बाजूला सारला. "कुठे? आता आहे? दुखतंय?"

"अहो, साधी निघाली. झालं ते कधीच."

"कोण होतं बरोबर?"

"कुणी नाही."

हे उठले. इकडेतिकडे बघून बूट शोधायला लागले. "चल."

"कुठे?"

"दवाखान्यात."

"आज रविवार आहे. आणि मी बरी आहे. आठ महिने झाले त्याला."

"मला आत्ता कळलंय," म्हणाले, आणि एक बूट हातात धरून खाली बसले. रडायला लागले. दाढी भिजली. जी भीती मी एप्रिलमध्ये एकटीने भोगून संपवली, ती ह्यांना आज नव्याने वाटत होती, आणि मीच ह्यांची समजूत घालत होते, साधी होती हो, साधी, डॉक्टर म्हणाले काही नाही. तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. एवढे महिने मला जे बघायचं होतं ते समोर होतं. बघवेना.

ताई दारात उभी होती, केस ओले. कधीपासून ते माहीत नाही. म्हणाली, "माझी बॅग तेवढी काढून ठेव. मी दुपारच्या गाडीने जाते." मी म्हटलं, नाताळनंतर आम्ही दोघं येतो, पिवळी खोली बघायला. "या," ताई म्हणाली, तेवढं मात्र हळू. ह्यांना ते ऐकू गेलं नाही, मी सांगितलं.

हे म्हणाले, आज बाजारात जात नाही. मी म्हटलं, जायचं, मुलं वाट बघतात. बुधवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. आणि हे गाठीचं तिला सांगायचं नाही.

"कुणाला?"

"फोटोवालीला."

"तिला कशाला सांगू?"

"तिला तुम्ही काय काय सांगता तुमचं तुम्हाला माहीत."

हसले. मग पुन्हा गंभीर होऊन माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "आणखी काय काय सांगितलं होतंस तू? एवढ्या वर्षांत?"

"बरंच."

"मग सांग ना. आता सांग."

खुर्ची पुढे ओढून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, मुलं जवळ आली की बसतात तसे. मी आठवायला लागले. मालकीणबाई काय म्हणाल्या, कुणाच्या पडद्याचं माप चुकलं, जिन्यातला दिवा गेला, मुलीचं घर. तेव्हा जीव तोडून सांगितलेलं. आता एकही गोष्ट सांगण्यासारखी वाटेना. हे वाट बघत होते.

शेवटी म्हटलं, "दूध संपलंय."

"आणतो," म्हणाले आणि दुसरा बूट शोधायला उठले.